उजवीएवढं

खराबवाडी, ३ फेब्रुवारी

हर्षाली,

तू मला ब्लॉक केलंस म्हणून कागदावर लिहितो आहे. इतके मेसेज पाठवायला नको होते, हे मान्य. पण एकाला जरी नीट उत्तर दिलं असतंस तर मी थांबलो असतो.

हे पत्र ओमच्या हातून येईल. मारुंजीहून रोज चाकणला कामाला येणारा माझ्या ओळखीचा तो एकटाच आहे, नाहीतर त्याच्या हातात दिलं नसतं. पाकिटाला चारी बाजूंनी टेप लावली आहे. कुठे उचकटलेली दिसली तर मला कळव. तो तुझ्या मैत्रिणीचा, सुप्रियाचा भाऊ आहे, तुझा नाही. तू सुप्रियाकडे राहायला गेलीस म्हणतेस, पण त्या फ्लॅटमध्ये तोही राहतो, हे तू निघताना बोलली नाहीस. मला ते नंतर कळलं.

आईला सांगितलं आहे की कंपनीने तुला ट्रेनिंगला पाठवलं. ती म्हणाली, वायरी जोडायचं एवढं कसलं ट्रेनिंग. मी म्हणालो, नवीन गाडीच्या वायरी आहेत.

आता मुद्द्याचं. तू बॅग भरताना म्हणालीस की मी तुझ्यावर घाणेरडा आरोप केला. मी आरोप केला नाही. मी एकच विचारलं, 'कोणासाठी?' ज्याची बायको एक दिवस जेवताना सांगते की मी छातीचं ऑपरेशन करून घेणार आहे, डॉक्टर ठरलाय, पैसे माझ्या ओव्हरटाइमचे आहेत, तो दुसरं काय विचारेल?

तुला बघायला आलो होतो तो दिवस आठव. आपल्याला बोलायला गच्चीवर पाठवलं, आणि मी नोकरीचं सांगायला लागलो तर तू मध्येच म्हणालीस, 'माझी डावी बाजू भरलीच नाही. उजवी आहे, डावी जवळजवळ नाही. नको असेल तर आत्ताच खाली जाऊन नाही म्हणा.' मी खाली जाऊन हो म्हणालो. त्या दिवसापासून ही गोष्ट जगात तिघांची होती. तुझी, तुझ्या आईची आणि माझी. आता त्यात सुप्रिया आली. डॉक्टर आला. नर्स आली. तुम्हाला निगडीच्या क्लिनिकला गाडीतून कोण नेतं, हेही मला माहीत आहे. त्याला काय सांगितलंय?

माझ्या तोंडून कधी एक शब्द गेला का? मग कमी काय होतं, एवढं सांग.

ऋतिक

*

खराबवाडी, ७ फेब्रुवारी

हर्षाली,

चिठ्ठी मिळाली. टेप नव्हती, नुसती घडी होती. म्हणजे ओमने वाचली असणार. यापुढे पाकीट वापर.

डॉक्टर बाई आहे, हे वाचून थोडं बरं वाटलं. हे आधीच सांगितलं असतंस तर निम्मे मेसेज पाठवावेच लागले नसते. ओम खाली गाडीत बसून राहतो, असं लिहिलं आहेस. खाली बसतो, पण कशासाठी आलोय ते त्याला माहीत असणारच ना? प्लास्टिक सर्जनची पाटी त्याला वाचता येते.

ऑपरेशननंतर काही आठवडे हात वर करता येणार नाहीत, तुला कोणीतरी लागेल, आणि तेव्हा खराबवाडीला यायचं की मारुंजीत राहायचं हे मी कसा वागतो त्यावर ठरेल, असंही लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी नीटच वागतो आहे. मी विचार केला आणि माझं मन तयार झालं आहे. डावी उजवीएवढी व्हावी असं तुला वाटतं, त्यात वावगं काही नाही. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात, हे सरळ आहे.

म्हणून सोबत एक वस्तू पाठवतो आहे. तुझा डबा इथेच राहिला होता, त्याच्या पिशवीत तळाला, वर्तमानपत्रात गुंडाळली आहे. ती ओमसमोर उघडू नकोस. तुझ्या पॅडचा मूळ नमुना आहे, ज्यावरून मी दर वेळी नवा कापतो. तू लग्नाआधी फडकी भरायचीस आणि ती दुपारपर्यंत खाली सरकायची. मग मी कंपनीतून सीटच्या फोमचे उरलेले तुकडे आणले, पातीने कापले, पॉलिश पेपरने घासत घासत काठ इतका बारीक केला की ब्लाउजमधून रेघ दिसेना. तू अस्तर शिवलंस. पहिल्या दिवशी ते घालून तू कामावर गेलीस, तर मी माझ्या लाइनवर दिवसभर एकटाच हसत होतो. नवनाथने विचारलं, काय रे भावा, लॉटरी लागली का. इथे मी गाड्यांच्या सीटा भरत होतो आणि तिकडे तुझ्या कंपनीत, एवढ्या पुरुषांच्या मध्ये, माझ्या हातचं काहीतरी तुझ्या छातीवर होतं. हे मी तुला कधी बोललो नाही.

तो नमुना डॉक्टर मॅडमना दाखव. उजवीशी तंतोतंत जुळतो, मीच जुळवला आहे. त्यांना दुसरं काही मोजायची गरज पडू नये.

ऋतिक

*

खराबवाडी, १४ फेब्रुवारी

हर्षाली,

नमुना परत मिळाला. ओमने माझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाला, 'सॉरी भाऊ, डबा धुवायचा म्हणून पिशवी रिकामी केली. हे काय आहे, हँडरेस्ट का?' मी हो म्हणालो. म्हणजे त्याला काही माहीत नाही, असं दिसतं. किंवा तो चांगला नट आहे.

पण त्याच्याबद्दल नंतर. तुझी चिठ्ठी मी तिथेच उघडली. 'मला उजवीएवढं नको आहे.' एवढंच आधी वाचलं आणि वाटलं, तू ऑपरेशनच रद्द केलंस. मी गेटवरच उभा राहून हसलो. मग पुढे वाचलं. दोन्ही बाजूंना बसवणार. डावीला जास्त, उजवीला थोडं. आणि दोन्ही आत्ताच्या उजवीपेक्षा मोठ्या.

डावी उजवीसारखी करणं मी समजू शकतो. कमी होतं, ते भरलं. पण उजवीत काय कमी होतं? उजवीबद्दल तर तुझी कधीच तक्रार नव्हती. माझीही नव्हती. आता तरी विचारू का, कोणासाठी?

तू लिहिलंस की सुप्रियाच्या घरी नायलॉनच्या मोज्यांमध्ये तांदूळ भरून, डॉक्टरांनी दिलेल्या मापाच्या पेल्याने मोजून, ते आतून घालून तुम्ही घरभर फिरता. भांडी घासून बघितलीस, जिना चढून बघितलास. सुप्रिया म्हणते हे जास्त शोभतं, ते कमी शोभतं. तुम्ही दोघी हसून हसून लोळलात, तेही लिहिलंस. मला न विचारता सुप्रियाला विचारलंस. तांदूळ घालून तू कशी दिसतेस ते सुप्रियाने बघितलं. मी नाही.

म्हणून मी काय केलं ते सांगतो, हसू नकोस. आई देवळात गेली होती. मी माझा मोजा घेतला, तू लिहिलेल्या मोठ्या मापाचा तांदूळ भरला, दुसऱ्या मोज्यात दुसरा, बनियनमध्ये घालून वरून पट्टा बांधला आणि कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. मला बघायचं होतं की तू नेमकं किती मागते आहेस. तेवढ्यात आई आली.

ती दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, 'तांदूळ कमी हुतोय म्हणून म्या उंदराला औषध आणणार व्हते.'

घाईत पट्टा सोडला तर मोजा फुटला आणि तांदूळ घरभर झाला. ती खाली बसून वेचायला लागली, आणि न बघताच विचारलं, 'सूनबाईचं आपरेशन हाय ना?' मी विचारलं, तुला कोणी सांगितलं. ती म्हणाली, 'दोरीवर कापडं कोन वाळत घालतं? तिच्या आतल्या कपड्याला एकाच बाजूला खिसा शिवलेला, दुसऱ्या बाजूला न्हाई. त्यात आता तुझं ह्ये सोंग. बाईमाणसाला यवढं कळत न्हाई व्हय रं? लगीन झाल्यापासनं ठावं हाय मला.'

लग्न झाल्यापासून. आणि मी समजत होतो की या घरात हे फक्त मला माहीत आहे. मी दार लावून नमुना घासत बसायचो तेव्हा ती बाहेर बसून काय समजत होती? मला आईचासुद्धा राग आला. खरं सांगतो, त्या क्षणी ओमपेक्षा जास्त आला.

तांदूळ वेचून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, 'लई मोठं मागत न्हाई ती. तुलाच मोठं दिसतंय.' मी बाहेर निघून गेलो. तू या पत्राला उत्तर देऊ नकोस. मला आत्ता कोणाचं ऐकायचं नाही.

ऋतिक

*

खराबवाडी, १९ फेब्रुवारी

हर्षाली,

हे पत्र तू रागाने फाडशील. फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच.

काल तुम्ही निगडीला गेलात तेव्हा मी तिथे होतो. परवा ओम बोलता बोलता म्हणाला की उद्या हाफ डे आहे, ताईंना क्लिनिकला सोडायचंय. तो तुला ताई म्हणतो, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, पण तरी मी नवनाथशी शिफ्ट बदलून घेतली आणि बसने निगडीला आलो. मला एकदा बघायचं होतं. काय बघायचं होतं, ते विचारू नकोस.

मी बस टर्मिनसच्या बाहेर, पोह्यांच्या गाडीमागे उभा होतो. तुम्ही दोघी गाडीतून उतरलात आणि चालत निघालात. तू पिवळा कुडता घातला होतास. ओढणी होती, पण नुसती खांद्यावर टाकलेली, एरवी डाव्या बाजूला गोळा करून धरतेस तशी नाही. पर्सही छातीशी नव्हती, हातात लोंबत होती. मला लगेच कळलं की आत तांदूळ आहे. मोठ्या मापाचा.

तुला वाटेल मी तुझ्याकडे बघत होतो. मी तुझ्याकडे नाही, पुरुषांकडे बघत होतो. प्रत्येकाचे डोळे तपासले. रिक्षावाले मोबाइल बघत होते. कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून एका म्हाताऱ्याशी वाद घालत होता. कॉलेजची पोरं एकमेकांना ढकलत तुझ्या शेजारून गेली. एक माणूस सरळ तुझ्याकडे आला, माझ्या हातातली प्लेट सांडता सांडता राहिली, तर त्याने तुला आळंदीची बस गेली का, एवढंच विचारलं. ओम तर गाडी कुठे लावायची म्हणून ट्रॅफिक पोलिसाची विनवणी करत होता. त्याने तुमच्याकडे मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मला त्याचा क्षणभर रागच आला, की हा बघत कसा नाही.

संपूर्ण चौकात तुझ्याकडे टक लावून बघणारा मी एकटा होतो. पोहेवाल्याने मला हटकलंही, 'राव, ओळखीच्या आहेत का? नसतील तर नका बघू असं.' मी म्हणालो बायको आहे. त्याचा विश्वास बसला नाही.

मग एका बंद दुकानाची काच आली. सुप्रिया फोनवर बोलत पुढे गेली आणि तू थांबलीस. आधी काचेकडे बाजू करून उभी राहिलीस, मग समोरून. खांदे मागे घेतलेस. तुला पाठीतून इतकं सरळ मी कधी पाहिलं नाही, मला वाटायचं तुझी ठेवणच थोडी वाकलेली आहे. आणि मग तू हसलीस. काचेकडे बघून. छोटंसं, कोणाला दाखवण्यासाठी नसलेलं.

तसं तू माझ्याकडे बघून कधी हसली नाहीस. मी नवीन पॅड द्यायचो तेव्हा तू हसायचीस, पण ते आभार मानल्यासारखं असायचं. एखाद्याने पडलेली वस्तू उचलून दिल्यासारखं. हे मला काल कळलं, पोह्यांची प्लेट हातात धरून.

इतके दिवस मी कोणीतरी पुरुष शोधत होतो. ओमला धरलं, तुझ्या सुपरवायझरला धरलं, डॉक्टर बाई आहे हे कळेपर्यंत डॉक्टरला धरलं. काचेत पुरुष नव्हता. तूच होतीस. पुरुष असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. तुझ्याशी तुझ्यावरून कसं भांडायचं?

मी समोर आलो नाही. बसने परत आलो आणि दुसरी शिफ्ट केली. तू मला पाहिलं नाहीस, म्हणून सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण तू लिहिलं आहेस की मी कसा वागतो त्यावर ठरणार. तर असा वागलो.

ऋतिक

*

खराबवाडी, २८ फेब्रुवारी

हर्षाली,

तू मला अनब्लॉक केलंस, तरी हे लिहूनच सांगतो. टाइप करायला बसलो की मी पाठवतो आणि पुसतो, पाठवतो आणि पुसतो.

काल तू बोलावलंस म्हणून क्लिनिकला आलो. अट होती की तोंड उघडायचं नाही. मॅडम मोजत होत्या तोपर्यंत मी पडद्याबाहेर भिंतीकडे बघत बसलो, ते तुला माहीत आहे. पण काय ऐकत होतो ते तुला माहीत नाही. पट्टीचा आवाज. त्या सांगत होत्या की छातीची रुंदी एवढी आहे, याच्या पलीकडे काही बसवलं तर पुढे त्रास होईल, याच्या आत तुला आवडेल ते. तू विचारलंस की पुढे मूल झालं तर दूध पाजता येईल का. त्या म्हणाल्या, बहुतेकींना येतं, पण खात्री कोणी देऊ नये. तू मूल म्हणालीस. मी भिंतीकडे बघतच राहिलो. तुझ्या त्या पुढच्या आयुष्यात मला धरलं आहेस की नाही, ते मला तिथून विचारता येत नव्हतं.

मग तू त्यांच्याकडचे तपासायचे तुकडे आतून घालून, वर माझा जुना टीशर्ट घालून बाहेर आलीस. आधी लहान, मग मोठे. मी भिंतीकडे बघतो आहे हे बघून मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, मिस्टरांचं काय मत. मी तुझ्याकडे बघितलं. अट होती. तेव्हा तूच म्हणालीस, 'सांग. पण खरं सांग.'

मी म्हणालो, 'लहान.'

मॅडमनी विचारलं का. मी म्हणालो, मोठ्याने पाठ दुखेल. तू खुदकन हसलीस, कारण मी किती खोटं बोलतो आहे ते तुला कळलं. खरं कारण हे की लहान मला ओळखीचं होतं. ते माझ्या नमुन्याच्या जवळचं होतं. मोठे घालून तू बाहेर आलीस तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की या बाईला मी गच्चीवर भेटलो असतो तर तिने मला आधी नाही म्हणायची संधी दिली नसती. तिने मला नीट न्याहाळून घेतलं असतं. नोकरी विचारली असती, शिक्षण विचारलं असतं, आयटीआय अर्धवट का सोडलं ते विचारलं असतं. आणि कदाचित तीच खाली जाऊन नाही म्हणाली असती.

तू मोठे निवडलेस. माझ्या तोंडावर, माझं मत ऐकून, एक क्षणही न थांबता. मी 'बरं' म्हणालो. मग जिन्यात तू माझा हात धरलास. सुप्रिया आणि ओम खाली वाट बघत होते आणि तू पायरीवरच थांबून म्हणालीस, 'खोटं खोटं मोठे म्हणाला असतास ना, तर मी मारुंजीलाच राहिले असते. आणि लहानच घे म्हणून अडून बसला असतास, तरीही.'

म्हणजे मी नेमका मधल्या जागेतून सुटलो. त्यात माझं कौतुक काहीच नाही, मला पुढे बोलायलाच सुचलं नव्हतं. पण येते म्हणालीस, तर मी कारण विचारत नाही.

ओमला मी काल पहिल्यांदा चहा पाजला. त्याला ऑपरेशन कसलं ते अजून माहीत नाही, त्याला वाटतं तुझ्या पाठीचं आहे. चांगला मुलगा आहे. तरी त्याची गाडी आता पुरे. परत येताना आपण रिक्षाने येऊ.

ऋतिक

*

खराबवाडी, ९ मार्च

हर्षाली,

उद्या तू दवाखान्यात दाखल होणार. हे पत्र ओमकडे देत नाही, सकाळी स्वतःच घेऊन येतो. आत नेण्याआधी वाचलंस तर वाच.

आईने तुझी गादी खिडकीजवळ घातली आहे. तिने शेजारी सांगून टाकलं की सूनबाईचं छातीतल्या गाठीचं ऑपरेशन आहे. मी म्हणालो, खोटं कशाला. ती म्हणाली, 'मग खरं तू सांगून ये जा.' मी गेलो नाही.

तू काल फोनवर म्हणालीस की हात वर होणार नाहीत, डोक्यातून घालायचं काही चालणार नाही, समोरून बटणं असलेले माझे शर्ट घेऊन ये. मी कपाटातले सगळे शर्ट काढून पलंगावर मांडले. तुझी मापं मला तोंडपाठ होती. ब्लाउज शिवायला टाकताना शिंपीणबाईला तू नाही, मी सांगायचो. आता यातला कोणता शर्ट तुला समोरून बसेल, ते मला सांगता येत नाही. वरून पट्ट्या असणार, सूज असणार, आणि ती उतरल्यावर काय असणार तेही मी पाहिलेलं नाही. पहिल्यांदा तूच पाहशील. खरं तर त्याआधी मॅडम आणि नर्स. मी चौथा.

नवनाथला विचारलं, ऑपरेशननंतर ढगळ शर्ट लागतात म्हणे, काय करू. त्याने लगेच सांगितलं की माझा घेऊन जा, मी जाड आहे, त्यात दोन वहिनी मावतील. मनाने चांगला आहे, हसण्यावारी बोलला. पण दुसऱ्या पुरुषाचा शर्ट मी तुझ्या अंगावर येऊ देणार नाही. एवढं माझ्याकडे राहू दे.

माझेच आणतो आहे. त्यातल्या त्यात सैल आहेत ते. नाही बसले तर वरची बटणं उघडी ठेव. रिक्षावाला आरशातून बघेल, शेजारचे गॅलरीतून बघतील. मी काही बोलणार नाही. निदान पहिले काही दिवस.

ऋतिक